जरा बॅगेकडे बघता का?

एसटी स्टँडवर एकट्यानं गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला थोड्या वेळानं उठावंच लागतं. पाण्याची बाटली भरायची असते, चौकशीच्या खिडकीवर गाडी किती उशिरा आहे ते विचारायचं असतं. हातात जड बॅग, पायाशी पिशवी. मग तो शेजारच्या बाकाकडे वळतो आणि म्हणतो, "काका, जरा बॅगेकडे बघता का? आलोच दोन मिनिटांत." काका मान हलवतात. माणूस निर्धास्त निघून जातो.

या दोन मिनिटांत जे घडतं, त्याचा नीट विचार केला तर ते चमत्कारिक वाटेल. बॅग चोरीला जाईल ही भीती होती म्हणून राखण हवी होती. राखणीला नेमला तो असा माणूस, ज्याचं नाव, गाव, धंदा यांतलं काहीही ठाऊक नाही. चोर व्हायची संधी स्टँडवर सगळ्यांत जास्त कोणाला असेल, तर ती आता याच काकांना. आणि तरीही महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्टँडवर हे रोज होतं, आणि लोकांना आपल्या बॅगा परत मिळतात.

थॉमस मोरियार्टी या मानसशास्त्रज्ञानं नेमक्या याच प्रसंगाचा प्रयोग केला. त्याचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. जागा होती न्यूयॉर्कजवळचा जोन्स बीच हा गजबजलेला समुद्रकिनारा. प्रयोगातला एक जण वाळूत चादर अंथरून एखाद्या अनोळखी माणसाच्या जवळ बसे आणि लहानसा रेडिओ चालू ठेवी. थोड्या वेळानं तो उठून जाई. जाण्यापूर्वी काही जणांना तो सांगे, "माझ्या सामानाकडे जरा लक्ष ठेवाल का?" इतरांशी तो फक्त किरकोळ काहीतरी बोलून निघे. तो दिसेनासा झाला की प्रयोगातलाच दुसरा माणूस येऊन रेडिओ उचलून चालू लागे. ज्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं अशा २० जणांपैकी १९ जणांनी या 'चोरा'ला अडवलं. काही तर त्याच्यामागे धावत गेले. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्या २० पैकी फक्त चौघं हलले.

किनारा तोच, रेडिओ तोच, माणसंही एकाच गर्दीतली. फरक एका वाक्याचा. मला या प्रयोगात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की शेजारचा माणूस विश्वासू होता की नव्हता या प्रश्नाचं उत्तर आधीपासून कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. त्याला विचारलं, आणि विचारल्यामुळे तो विश्वासू झाला. आपण सहसा उलट क्रमानं विचार करतो. आधी माणूस पारखू, मग विश्वास टाकू. दोन मिनिटांच्या भेटीत पारखायला वेळच नसतो, आणि बऱ्याचदा पारखण्याची गरजही नसते.

तरी स्टँडवरचा माणूस आंधळेपणानं कोणालाही विचारत नाही. तो बघतो, की शेजाऱ्याजवळ स्वतःचं सामान आहे का, बरोबर लेकरं आहेत का, तो कोणत्या गाडीसाठी थांबलाय. दोन बोचकी आणि एक लहान मूल सांभाळणारी बाई दुसऱ्याची बॅग घेऊन पळणार नाही, कारण तिला पळताच येणार नाही. हा हिशेब कोणी मनात मांडून करत नाही, पण तो होतो. आणि आजूबाजूला आणखी पंधरा माणसं बसलेली असतात, त्यांनी ते वाक्य ऐकलेलं असतं. विनंती एकाला केलेली असली, तरी साक्षीदार सगळा बाक असतो.

एसटीच्या प्रवासात असे व्यवहार ठायी ठायी आहेत. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र आत टाकून जागा धरली जाते. बाहेरचा माणूस आतल्या अनोळखी प्रवाशांवर विसंबतो, की हा रुमाल ते मानतील. दाराशी रेटारेटी असली की लहान पोरं खिडकीतून आत दिली जातात. आतून कोणाचे तरी हात पुढे येतात, पोर घेतात, मांडीवर बसवतात, आणि आई मागून गर्दीतून वाट काढत येते. कंडक्टरजवळ सुट्टे नसले, तर तो तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो. त्या आकड्यांवर ना शिक्का असतो, ना धड सही. तरी उतरण्याआधी पैसे मिळतात, फक्त आठवण करायची राहिली नाही म्हणजे झालं.

हे सगळं टिकतं कशावर? रक्कम लहान असते. गाडी धावत असते, पुढच्या थांब्यापर्यंत दोघंही तिथंच असतात. कंडक्टरच्या छातीवर बिल्ला असतो. आणि पुन्हा, बघणारे असतात. अनोळखी माणसांमधला विश्वास हा फार मोठ्या मनाच्या माणसांचा सद्गुण आहे असं समजण्याचं कारण नाही. तो साध्या माणसांना परवडावा अशी व्यवस्था लोकांनीच, कोणी न सांगता, बसवून ठेवलेली आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये या व्यवस्थेला आणखी एक पदर आहे. रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात, त्याच दाराशी उभी राहणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात. बोलणं मात्र वर्षानुवर्षं होत नाही. स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली अशा माणसांवर लिहिलं. न्यूयॉर्कच्या उपनगरी स्थानकांवरच्या प्रवाशांचे फोटो काढून त्यांनाच दाखवल्यावर असं दिसलं, की एकेका प्रवाशाला सरासरी चार चेहरे ओळखीचे होते, ज्यांच्याशी तो कधीही बोललेला नव्हता. मिलग्रमनं अशांना ओळखीचे अनोळखी म्हटलं. त्याचं एक निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ही माणसं नेहमीच्या जागेपासून जितकी दूर भेटतील, तितकी ती एकमेकांशी बोलण्याची शक्यता वाढते, आणि एखादं संकट आलं तर बोलणं लगेच सुरू होतं.

२६ जुलै २००५ ला मुंबईनं हे पाहिलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गाड्या रुळांवर, बसगाड्या रस्त्यांवर अडकल्या, आणि लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे चालत निघाली. वाटेतल्या चाळींनी आणि सोसायट्यांनी दारं उघडली. लोकांनी रस्त्यावर उभं राहून चहा, बिस्किटं, पाणी वाटलं. उघड्या गटारांच्या तोंडाशी माणसं साखळी करून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात देत राहिली. त्या रात्री अनेक बायकांनी संपूर्ण अपरिचितांच्या घरात मुक्काम केला. पुढे मुंबईच्या जिद्दीचं कौतुक करून नाले बुजवल्याच्या प्रश्नाला बगल दिली गेली, ते चुकीचंच होतं. पण त्या रात्री लोकांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास खरा होता आणि त्यानं जीव वाचले.

मग प्रश्न पडतो, की अनुभव असे असताना आपण अनोळखी माणसाबद्दल इतके साशंक का असतो? "जग फार बिघडलंय", "कोणाचा भरवसा नाही" ही वाक्यं प्रत्येक घरात मुलांच्या कानावर पडतात. ही नुसती बोलण्याची सवय आहे असं समजू नये, आपला अंदाज खरोखरच चुकतो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात अलँ कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका प्रचंड प्रयोगाचे निष्कर्ष छापले. ४० देशांतल्या ३५५ शहरांमध्ये त्यांनी १७ हजारांहून जास्त पाकिटं 'हरवली'. प्रयोगातला माणूस बँक, हॉटेल, पोस्ट, पोलीस ठाणं अशा ठिकाणी जाई, बाहेर हे पाकीट सापडलं म्हणून काउंटरवरच्या माणसाकडे देई, आणि घाईत आहे सांगून निघून जाई. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेली कार्डं, एक किल्ली आणि वाणसामानाची यादी दिसत असे. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत त्या त्या देशातले साधारण १३ डॉलर किमतीचे पैसे होते.

पैसे असलेली पाकिटं कमी परत येतील असं कोणालाही वाटेल. अर्थशास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा त्यांनाही खरा निकाल ओळखता आला नाही. प्रत्यक्षात बिनपैशाच्या पाकिटांबाबत ४० टक्के वेळा मालकाशी संपर्क केला गेला, आणि पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के वेळा. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम वाढवून सुमारे ९४ डॉलर केली, तेव्हा प्रमाण आणखी वाढून ७२ टक्क्यांवर गेलं. संशोधकांनी त्याचं कारण असं लावलं, की पाकिटात पैसे जितके जास्त, तितकं ते ठेवून घेणाऱ्याला आपण चोर आहोत असं स्वतःलाच वाटू लागतं, आणि तसं वाटून घेणं बहुतेकांना नको असतं. आत किल्ली असेल तर प्रमाण वाढलं, कारण किल्ली सापडणाऱ्याच्या काही उपयोगाची नसते, हरवणाऱ्याच्या असते.

या प्रयोगावर टीकाही झाली आहे. ईमेल पाठवला की नाही एवढ्यावरून प्रामाणिकपणा मोजला, हे बरोबर नाही, असं चिनी संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून दाखवलं. तिथं अनेकांनी ईमेल केला नाही, पण पाकीट जपून ठेवलं होतं, मालक येईल म्हणून. मला ही टीका प्रयोगाइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडेही किराणा दुकानात कोणी पर्स विसरलं, तर दुकानदार ती गल्ल्याखाली ठेवतो आणि वाट बघतो. शोधत येणं हे ज्याची वस्तू हरवली त्याचं काम, सांभाळून ठेवणं हे ज्याला सापडली त्याचं.

आपला अंदाज का चुकतो, याचं मला पटलेलं उत्तर जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठातला डेटलेफ फेचेनहावर आणि अमेरिकेतला डेव्हिड डनिंग यांनी २०१० साली दिलं. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि पैशाच्या एका खेळात या माणसावर विश्वास ठेवाल का, असं विचारलं. लोकांनी समोरच्यांचा प्रामाणिकपणा बराच कमी धरला. मग संशोधकांनी एक गोष्ट बदलली. काही जणांना, त्यांनी विश्वास टाकलेला असो वा नसो, प्रत्येक माणूस प्रत्यक्षात कसा वागला ते सांगितलं. त्यांचा संशय कमी झाला. बाकीच्यांना, रोजच्या आयुष्यात होतं तसं, फक्त ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांचंच वागणं कळलं. किंवा काहीच कळलं नाही. त्यांचा संशय कायम राहिला.

हे आपल्या रोजच्या जगण्याला लावून बघा. रस्त्यात एक मुलगा येतो आणि म्हणतो, "काका, माझा मोबाइल बंद पडलाय, घरी एक फोन लावू देता का?" तुम्ही दिलात आणि तो पळून गेला, तर तुम्हाला तुमची चूक आयुष्यभर आठवेल, आणि ती गोष्ट तुम्ही दहा घरी सांगाल. तुम्ही नाही म्हणालात आणि तो मुलगा खरोखरच आईला फोन लावणार होता, तर तुम्ही चुकलात हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तो पुढे जाईल, तुम्ही पुढे जाल, आणि आपण सावध राहिलो याचं समाधान घेऊन घरी पोचाल. विश्वास टाकण्यातली चूक आपोआप उघडी पडते. विश्वास न टाकण्यातली चूक मुकी असते. वर्षानुवर्षं अशा मुक्या चुका साचत गेल्या, की त्यालाच आपण अनुभव म्हणू लागतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा सावधपणा मी मोडीत काढत नाही. धोका असतो. रेल्वेत अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका, ही सूचना गुंगीचं औषध घातलेल्या बिस्किटांच्या खऱ्या घटनांमधून आलेली आहे. प्रश्न इतकाच, की सावध राहताना आपण कशाकडे बघतो. बहुतेक जण चेहऱ्याकडे बघतात, आणि तिथंच फसगत होते. प्रिन्स्टन विद्यापीठात जनिन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी २००६ साली दाखवलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा हिस्सा एवढाच वेळ दिसला, तरी हा माणूस विश्वासू की नाही हे लोक ठरवून मोकळे होतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त आपल्या मताची खात्री वाढते. पण एवढ्या झटपट झालेल्या निवाड्याचा समोरच्याच्या खऱ्या वागण्याशी संबंध असेलच असं नाही. नाक-डोळ्यांच्या ठेवणीत सचोटी लिहिलेली नसते.

ज्यांचा जीव या निवाड्यावर अवलंबून असतो, ते चेहऱ्यावर थांबत नाहीत. दिएगो गांबेत्ता आणि हेदर हॅमिल यांनी बेलफास्ट आणि न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीवाल्यांशी बोलून 'स्ट्रीटवाइज' हे पुस्तक २००५ साली लिहिलं. लूटमार आणि खून यांची भीती असलेल्या या दोन शहरांत ड्रायव्हर रोज पाठीमागे अनोळखी माणूस बसवतो. तो कोणाला बसवायचं हे कसं ठरवतो? तो अशी खूण शोधतो, जी लुटारूला सहजी उसनी आणता येणार नाही. हा कुठून आला, कुठे जायचंय, बरोबर कोण आहे, फोन करून बोलावलं की रस्त्यावर हात केला, वय काय. संशय आला तर काही ड्रायव्हर थोडे पुढे जातात, पुन्हा एकदा बघतात, मग थांबतात. कपडे बदलता येतात, हसूही आणता येतं. सत्तर वर्षांचं वय किंवा कडेवरचं मूल हे मात्र सहजी आणता येत नाही.

गोव्यात मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्या पायलटांचा धंदा याच शहाणपणावर चालतो. इथं चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये दार नाही, जाळी नाही. एक अनोळखी माणूस दुसऱ्याच्या पाठीला टेकून बसतो, धोका दोघांनाही सारखाच. पिवळा मडगार्ड, परवाना, आणि ठरलेल्या नाक्यावरचा थांबा, जिथं बाकीचे पायलट हा कोणाला घेऊन निघाला ते बघत असतात, यांमुळे ते निभतं.

बायकांना हा हिशेब पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आणि जास्त किमतीचा करावा लागतो. रात्री रिक्षात बसलेली मुलगी फोन कानाला लावून मोठ्यानं म्हणते, "हो, निघाले, स्टेशन सोडलं, दहा मिनिटांत येतेच." पुष्कळदा पलीकडे कोणी नसतंही. ती रिक्षात एक साक्षीदार आणून बसवत असते. रिक्षाचा नंबर घरी पाठवणं, पुढच्या सीटवर बाई असलेली शेअर रिक्षा निवडणं, हे सगळं त्यातलंच. लोकांवर विश्वास ठेवावा असा उपदेश तिला करणाऱ्यानं आधी त्या रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का ते बघावं. विश्वासाचं ओझं एकट्या प्रवाशावर टाकता येत नाही.

आणि आपल्या समाजात या विषयावर लिहायचं तर एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून काही मुलं आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. त्यांतल्या दोघांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांच्या अंगावर नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. न्यायला कोणी आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आपणहून जवळ आला, आस्थेनं चौकशी करू लागला. चांगल्या घरची पोरं दिसतात, अशीच त्याची समजूत होती. मग त्यानं तुम्ही कोण असं विचारलं, आणि त्यांतल्या एकानं सरळ सांगून टाकलं, की आम्ही महार. स्टेशनमास्तराचा चेहराच बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. वय दहाच्या आसपास.

स्टेशनाबाहेर बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी स्वतः हाकायची, आणि गाडीवान बरोबर चालत येणार. बरोबर जेवणाचा डबा होता, पण पाणी मिळेना म्हणून मुलांना तो खाता आला नाही. रात्री टोलनाक्यावर भीमरावांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. बाबासाहेबांनी तीसएक वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला. त्याच आठवणींत १९२९ सालचं चाळीसगाव आहे. परदेशात शिकलेले बॅरिस्टर असूनही त्यांना टांगेवाल्यांनी नेलं नाही. कधी टांगा न हाकलेल्या माणसाच्या हाती लगाम आला, आणि एका मोरीवर बाबासाहेब फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला.

मसूरच्या स्टेशनमास्तरापुढे विश्वासाच्या सगळ्या खुणा होत्या. मुलं, लहान वय, चांगले कपडे, तिकीट, सरकारी नोकरीतला बाप. बेलफास्टच्या टॅक्सीवाल्यानं अशा मुलांना डोळे मिटून बसवलं असतं. एका शब्दानं त्या साऱ्या खुणा पुसल्या गेल्या. म्हणजे आपल्याकडे अडचण अनोळखी असण्याची नव्हती. जात कळेपर्यंत, म्हणजे जोवर अनोळखी होती तोवर, मुलं सुरक्षित होती. आजही "कुठले तुम्ही? आडनाव काय?" हा प्रश्न गप्पांच्या ओघात येतो तेव्हा तो नेहमी साधा नसतो. भाड्यानं घर शोधणाऱ्या अनेकांना तो पहिल्या फोनवरच ऐकावा लागतो.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला जागा देणारा माणूस आडनाव विचारत नाही. मोठ्या शहराबद्दल लोक खंतावून बोलतात, की तिथं कोणी कोणाला ओळखत नाही. ज्यांना गावात सगळे ओळखत होते आणि म्हणूनच पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्यांच्यासाठी हे न ओळखणंच मोकळा श्वास होतं. समाजशास्त्रज्ञ विश्वास मोजताना विचारतात, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असं तुम्हाला वाटतं का? नॉर्वेत दहापैकी सातांहून जास्त लोक होय म्हणतात, ब्राझील आणि कोलंबियात एकही पुरता म्हणत नाही. यान डेलाय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिलं, की 'बहुतेक लोक' म्हणताना वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी माणसं येतात. कोणापुढे सारं जग, तर कोणापुढे फक्त आपली माणसं. भारतीय माणसाचं उत्तर वाचताना मला आकड्याआधी हे विचारावंसं वाटतं, की त्याच्या 'लोकां'त कोण कोण येतं.

अलीकडे फोनवरून होणाऱ्या फसवणुकींनी लोकांचा अनोळखी माणसावरचा भरवसा आणखी खचला आहे. त्यातली 'डिजिटल अरेस्ट' नीट बघितली, तर स्टँडवरच्या भेटीशी तिचा किती फरक आहे ते कळतं. फोनवरचा माणूस पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगतो. व्हिडिओ कॉल बंद करू नका म्हणतो, घरात कोणाला बोललात तर अटक होईल म्हणतो, आणि आत्ताच्या आत्ता पैसे भरा म्हणतो. साक्षीदार काढून घेतो, वेळ काढून घेतो, आणि रक्कम सुरुवातीपासूनच मोठी ठेवतो. स्टँडवर अनोळखी माणसाला सुरक्षित करणाऱ्या ज्या गोष्टी होत्या, त्या सगळ्या तो एकेक करून मोडतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, घरच्यांना लगेच सांगावं, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर कळवावं. पण या भामट्यांचा राग बाकावर शेजारी बसलेल्या, बॅगेकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसावर काढू नये.

अनोळखी माणसाला मदतीची खरी गरज असते तेव्हा, म्हणजे रस्त्यावर अपघात झाला की, मात्र आपल्याकडे माणसं थबकत आणि निघून जात. त्याचं कारण मनाचा कोरडेपणा असं सांगितलं गेलं, आणि ते अर्धवट होतं. जखमीला उचलून नेणाऱ्यालाच पोलीस चौकीत तासन्‌तास बसवून ठेवत, इस्पितळात अनामत मागत, पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा लागत. पीयूष तिवारी यांच्या चुलत भावाचा २००७ साली दिल्लीत रस्ते अपघातात मृत्यू झाला. तो रस्त्याच्या कडेला पडून होता आणि लोक जात-येत होते. तिवारींनी पुढच्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं आणि ही भीतीच कायद्यानं दूर करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. केंद्र सरकारनं २०१५ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं.

हे अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. अपघातातल्या जखमीला तुम्ही मदत केलीत, तर त्याच्या दुखापतीसाठी किंवा मृत्यूसाठी तुम्हाला जबाबदार धरता येत नाही. इस्पितळ तुमच्याकडून उपचाराचे पैसे मागू शकत नाही आणि तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. नाव, पत्ता, फोन देणं तुमच्या मर्जीवर आहे. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. तेव्हा गाडी बाजूला घ्या, फोन लावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाजवळ थांबा.